रियासतकार सरदेसाई

पुण्यात एका भक्कम दगडी इमारतीत कापडात बांधलेली हजारो गाठोडी फळ्यांवर ओळीने रचून ठेविलेली आहेत. जुन्या मराठी कारभाराच्या भाषेत अशा गाठोड्यास रुमाल म्हणत. रुमालाची गाठ सोडली की आतून हाताने बनविलेल्या जाड कागदांचे बंद निघतात आणि त्यांवर बोरूने भरभर लिहिलेली मोडी अक्षरे दिसू लागतात. त्यांत सरदारांची पत्रे आहेत, वकिलांची बातमीपत्रे आहेत, किल्ल्यांचे, पागांचे आणि परगण्यांचे हिशेब आहेत, देवस्थानांच्या नेमणुका आहेत, लग्नाकार्यांच्या खर्चाच्या याद्यादेखील आहेत. असे सुमारे ३५,००० रुमाल तेथे असून त्यांपैकी २७,००० च्या वर मोडीतील आहेत. या साऱ्या संग्रहास पेशवे दफ्तर असे म्हणतात.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे सातारचे राज्य खालसा झाले, कुलाब्याच्या आंग्र्यांचे राज्य संपले. त्यांचीही दफ्तरे याच संग्रहात येऊन पडली. इंग्रज सरकारने ही कागदपत्रे जपली, हे खरे. परंतु ती इतिहासाच्या प्रेमाने जपली नाहीत. कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे, कोणत्या वतनावर कोणाचा हक्क, याचा निवाडा करण्यासाठी सरकारला ती हवी होती. त्यामुळे दफ्तराच्या दारावर सरकारचे कुलूप राहिले. कागद बाहेर गेले तर जुने तंटे उकरून काढले जातील, आणि मराठी राज्याच्या पराक्रमाच्या आठवणी लोकांच्या मनात ताज्या होतील, अशी भीती अधिकाऱ्यांस वाटे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या थोर पुरुषाच्या खटपटीने दार थोडेसे किलकिले झाले. सरकारी नोकरीतीलच गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशांतून उतारे काढिले आणि त्यांचे भाग विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. पण दफ्तरातील पत्रव्यवहार तसाच अंधारात राहिला.

ते कुलूप ज्यांच्या हातून अखेर निघाले, ते गोविंद सखाराम सरदेसाई एका संस्थानाच्या नोकरीत ३६ वर्षे काढलेले अधिकारी होते. महाराष्ट्र त्यांना रियासतकार या नावाने ओळखतो.

गोविंदरावांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची होती. कोकणातील त्या काळच्या मुलांप्रमाणे डोंगर, पऱ्हे आणि पायवाटा तुडवीत त्यांनी आरंभीचे शिक्षण घेतले, रत्नागिरीस जाऊन इंग्रजी शाळा पुरी केली आणि १८८८ साली बी. ए. ची पदवी मिळविली. कोकणातील पदवीधर तरुणापुढे तेव्हा दोनच वाटा असत : शाळेत मास्तर व्हावे किंवा सरकारी कचेरीत शिरावे. गोविंदरावांना तिसरी वाट मिळाली. १८८९ च्या आरंभी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या पदरी वाचक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

वाचक म्हणजे महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणारा. हे काम वरवर हलके वाटेल. पण सयाजीरावांसारखा ज्ञानाची अनिवार भूक असलेला राजा असेल तर वाचकाची कसोटी लागते. महाराज वाचून झालेल्या भागावर प्रश्न विचारीत, टिपणे मागत, एखादा ग्रंथ प्रजेच्या उपयोगाचा वाटला तर त्याचे मराठी भाषांतर करावयास सांगत. या शिस्तीतूनच गोविंदरावांनी मॅकियाव्हेलीच्या राजनीतीवरील ग्रंथाचे आणि सीली या इंग्रज इतिहासकाराच्या इंग्लंडच्या विस्तारावरील ग्रंथाचे मराठीत रूपांतर केले. पुढे राजपुत्रांना शिकविण्याचे कामही त्यांजकडे आले. महाराजांबरोबर त्यांनी हिंदुस्थानात व युरोपात प्रवास केला. दरबारी नोकरी म्हणजे वेळेची मालकी दुसऱ्याची. केव्हा बोलावणे येईल आणि केव्हा मुक्काम हलेल, याचा नेम नसे. अशा नोकरीतून जे पहाटेचे आणि रात्रीचे तास उरत, तेवढेच त्यांचे स्वतःचे.

राजपुत्रांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवावयाचा म्हटल्यावर गोविंदरावांपुढे मोठी अडचण उभी राहिली. इंग्रजीत ग्रंथ होते, पण ते बहुधा परक्यांच्या दृष्टीने लिहिलेले. मराठीत तर सलग, विस्तृत आणि भरवशाचा इतिहासग्रंथच नव्हता. म्हणून ते स्वतः टिपणे काढू लागले. टिपणांची प्रकरणे झाली, प्रकरणांचे ग्रंथ झाले. १८९८ साली मुसलमानी रियासत आणि १९०२ साली मराठी रियासतीचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. रियासत म्हणजे राज्य, राजवट. महाराष्ट्रात हा शब्द त्यांच्या नावाला असा चिकटला की पुढे लोक त्यांना आडनावाने कमी आणि रियासतकार म्हणून अधिक ओळखू लागले. हा ग्रंथप्रवाह तीस वर्षे वाहत राहिला आणि १९३२ च्या सुमारास मराठी रियासत पेशवाईच्या अखेरीच्याही पुढे जाऊन पोहोचली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. गोविंदराव रियासत लिहू लागले तेव्हा महाराष्ट्रात जुने कागद शोधण्याचे मोठे वारे सुटले होते. काशिनाथ नारायण साने आणि त्यांचे सहकारी यांनी काव्येतिहाससंग्रह या मासिकातून १८७८ पासून बखरी व पत्रे छापण्यास आरंभ केला होता. मिरजेचे शिक्षक वासुदेव वामन खरे हे पटवर्धन सरदारांचे दफ्तर वाचून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे भाग काढीत होते. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यास कागदांचा आणि चित्रांचा मोठा संग्रह जमविला. आणि पेण तालुक्यातील वरसई येथे जन्मलेले विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून, माळ्यांवरची व कणग्यांतली दफ्तरे उपसून, १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडामागून खंड प्रसिद्ध करीत होते. वाळवीने खाल्लेले, पागोळ्यांनी भिजलेले, वाण्याकडे पुड्या बांधण्यासाठी विकले गेलेले कागद यांच्या हाती लागत. उशीर झाला की एक एक घराणे मुके होत असे.

गोविंदराव या मंडळींप्रमाणे रानोमाळ हिंडू शकत नव्हते. ते चाकरीने बांधलेले होते. परंतु जे जे छापले जाई ते ते ते बारकाईने वाचीत आणि रियासतीत त्याचा उपयोग करीत. नवा पुरावा निघाला की आपले जुने विधान बदलण्यास ते मागेपुढे पाहत नसत. रियासतीच्या नव्या आवृत्ती काढताना त्यांनी पुष्कळ भाग पुन्हा लिहून काढिले. आपण कष्टाने उभारलेली भिंत आपल्याच हाताने पाडून पुन्हा रचणे सर्वांस साधत नाही. राजवाड्यांइतकी तेजस्वी बुद्धी आणि धारदार लेखणी गोविंदरावांजवळ नव्हती, हे मान्यच केले पाहिजे. पण राजवाड्यांजवळ नसलेली एक गोष्ट त्यांजजवळ होती. विखुरलेले सारे एकत्र आणून, रुसवेफुगवे बाजूस ठेवून, हाती घेतलेले काम शेवटास नेण्याची कारभारी माणसाची चिकाटी त्यांच्या अंगी मुरलेली होती.

याच काळात त्यांना एक मित्र मिळाला. बंगालचे यदुनाथ सरकार हे औरंगजेबाच्या कारकिर्दीचा अभ्यास करीत होते. औरंगजेबाची शेवटची पंचवीस वर्षे दक्षिणेत मराठ्यांशी झुंजण्यात गेली. तेव्हा मराठी साधने समजून घेतल्यावाचून त्यांचे काम पुरे होणे शक्य नव्हते. इकडे गोविंदरावांना मोगलांच्या बाजूची हकिकत सांगणारी फारसी साधने हवी होती. १९०४ साली दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. एकाने फारसी कागदातील मजकूर कळवावा, दुसऱ्याने मराठी पत्राचा अर्थ उलगडून द्यावा, एखाद्या स्थळाचे नाव अडले तर दोघांनी मिळून नकाशा धुंडाळावा, असा हा व्यवहार पन्नास वर्षांहून अधिक काळ चालला. शिवाजी महाराजांविषयी आणि मराठ्यांच्या राजनीतीविषयी दोघांची मते सर्वत्र जुळत होती असे नाही. तरीही पत्रे कधी थांबली नाहीत.

१९२५ साली गोविंदराव बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झाले. त्याच सुमारास त्यांच्यावर आकाश कोसळले. त्यांचा पुत्र श्यामकांत शांतिनिकेतनात रवींद्रनाथांच्या शाळेत शिकला होता, उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेला होता. परत आला तो दुखणे घेऊनच. आणि ऐन तारुण्यात तो वारला. ज्याच्या हाती आपले ग्रंथ आणि आपली टिपणे द्यावयाची तोच गेला. गोविंदरावांनी पुढे त्याची पत्रे एकत्र करून छापली. परक्यांची दोनशे वर्षांपूर्वीची पत्रे लावण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना स्वतःच्या मुलाची पत्रे तारीखवार लावताना काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

निवृत्तीनंतर त्यांनी कामशेत येथे घर केले. मुंबईकडून पनवेल, खोपोली करीत बोरघाट चढून वर गेले की खंडाळा-लोणावळ्याच्या पुढे इंद्रायणीच्या खोऱ्यात हे गाव लागते. याच वाटेने पूर्वी मुंबईचे इंग्रज वकील पुण्याच्या दरबारात जात. ते मचव्यातून पनवेल बंदरास उतरत आणि तेथून पालख्या, घोडी व हमाल घेऊन घाट चढत. त्या वकिलांची पत्रे वाचण्याचा प्रसंग आपणांवर लवकरच येणार आहे, हे गोविंदरावांना तेव्हा ठाऊक नव्हते. साठी उलटली होती. मनुष्याने या वयात शांतपणे बसावे, असे जगाची रीत सांगते.

राजसेवेत केस पांढरे केलेल्या विद्वानाने म्हातारपणी आपल्या देशाचे जुने लेख पुढील पिढीच्या हाती दिल्याचे एक उदाहरण चीनच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. इसवी सनापूर्वी २१३ साली छिन घराण्याच्या सम्राटाने जुने ग्रंथ जाळून टाकण्याची आज्ञा केली. तेव्हा फू शंग नावाच्या एका दरबारी पंडिताने प्राचीन राजांच्या लेखांचा शू-चिंग हा ग्रंथ आपल्या घराच्या भिंतीत दडवून ठेविला. पुढे युद्धे झाली, राज्य पालटले. फू शंगने परत येऊन भिंत उकलली तेव्हा ग्रंथाचा पुष्कळ भाग नष्ट झाला होता. २९ प्रकरणे काय ती उरली होती. त्यांच्या आधारे तो आपल्या प्रांतातील विद्यार्थ्यांना शिकवू लागला. नव्या सम्राटाच्या कानी ही गोष्ट गेली, तेव्हा फू शंगने नव्वदी ओलांडली होती आणि त्याला राजधानीपर्यंत प्रवास झेपणार नव्हता. म्हणून सम्राटाने आपला एक अधिकारी त्याच्याकडे शिकण्यास पाठविला, असे चिनी इतिहासकार सांगतात. महाराष्ट्रात कागद जाळण्याची आज्ञा कोणी काढली नव्हती. येथील अडचण उलट प्रकारची होती. कागद भिंतीआड सुरक्षित होते. पण भिंत उकलण्याची परवानगी मिळत नव्हती, आणि मोडी सराईतपणे वाचणारे जुने लोक एकामागून एक जगाचा निरोप घेत होते.

१९२८ साली सर फ्रेडरिक साइक्स मुंबईचे गव्हर्नर झाले. पेशवे दफ्तर अभ्यासकांस खुले करावे, ही मागणी आता वर्तमानपत्रांतून, सभांतून आणि कायदेमंडळातून जोराने होऊ लागली होती. सरकारने यदुनाथ सरकारांचा सल्ला घेतला. दफ्तरातील निवडक कागद छापावेत आणि ते काम गोविंदराव सरदेसाई यांजकडे द्यावे, असे सरकारांनी सुचविले. १९२९ साली गोविंदरावांची नेमणूक झाली. त्या वेळी ते चौसष्ट वर्षांचे होते.

या नेमणुकीने पुण्यात मोठे वादळ उठले. भारत इतिहास संशोधक मंडळ ही संस्था १९१० पासून कागद जमविण्याचे आणि छापण्याचे काम करीत होती. तिच्यात मोडीचे निष्णात वाचक होते, आणि दफ्तराचे दार उघडावे म्हणून तेथील विद्वानांनी वर्षानुवर्षे आग्रह धरिला होता. दार उघडले ते मात्र बडोद्याच्या एका निवृत्त अधिकाऱ्यासाठी, आणि तेही बंगालच्या विद्वानाच्या शिफारशीने, हे त्यांना जिव्हारी लागले. त्यांच्या रागात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. हा साठा साऱ्या महाराष्ट्राचा. त्यातील काय छापावे आणि काय ठेवावे हे एका माणसाने का ठरवावे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. वर्तमानपत्रांतून कडक टीका झाली. वाद घालीत बसण्यापेक्षा खंड छापून काढणे हेच आपले उत्तर, असे गोविंदरावांनी ठरविले. परवानगी आज आहे. उद्या गव्हर्नर बदलेल, पैशाची टंचाई पडेल, आपले शरीर थकेल, ही जाणीव त्यांना होती.

काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. मोडी वाचणारे काही सहकारी हाताशी घेऊन त्यांनी रुमालांमागून रुमाल सोडण्यास आरंभ केला. प्रत्येक रुमालातील कागद चाळावयाचे. त्यांत इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे पत्र आढळले तर ते वेगळे काढावयाचे. त्याची बालबोध लिपीत नक्कल करावयाची. मूळाशी ती ताडून पाहावयाची. मग विषयवार आणि कालक्रमाने पत्रे लावून छापखान्याकडे पाठवावयाची. मोडीत अक्षरे एकमेकांस जोडून लिहिलेली असतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, शब्द कोठे संपला हे दाखविणारी जागा सोडलेली नसते. लिहिणारा घाईत असला तर एकाच ओळीची दोन-तीन वाचने होऊ शकतात. शतकापूर्वीची शाई कोठे फिकी पडलेली, कोठे कागदाची घडी विरून गेलेली. धूळ नाकातोंडात जाई ती वेगळीच.

सर्वांत मोठी अडचण सनाची. पेशवेकालीन खाजगी पत्रात बहुधा महिना आणि तिथी असते, पण वर्ष नसते. लिहिणाऱ्यास आणि वाचणाऱ्यास चालू वर्ष ठाऊकच असे. मग ते लिहावयाचे कशाला? दरबारी पत्रात छ हे अक्षर काढून, म्हणजे चंद्र असे दर्शवून, मुसलमानी महिन्याचा दिवस देत. सरकारी कागदांवर सुहूर सन असे, तो अंकांऐवजी अरबी संख्यावाचक शब्दांनी लिहीत. उदाहरणार्थ, इहिदे सितैन मया व अलफ. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. सारे मिळून ११६१ झाले. हा सन मृग नक्षत्राच्या आरंभी बदलत असे, कारण शेतीचे आणि वसुलीचे वर्ष तेथून सुरू होई. त्यात ५९९ मिळविले की मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचे इसवी सन निघते आणि ६०० मिळविले की जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतचे. या हिशेबाने ११६१ म्हणजे १७६०-६१. पानिपतचा घोर संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला तो याच सुहूर सनात. पण जेथे सुहूर सनही नाही, तेथे पत्रातील मजकुरावरूनच वर्ष ओळखावे लागे. अमका सरदार तमक्या ठिकाणी आहे, अमक्याचा मृत्यू नुकताच झाला आहे, तमक्या किल्ल्यास वेढा चालू आहे, अशा खुणांवरून पत्राचा काळ ठरवावयाचा. पत्र एका वर्षाने चुकीचे लागले तर जय झाला त्याच्या आधी पराजय येई आणि मेलेला मनुष्य हुकूम सोडू लागे. येथे गोविंदरावांच्या तीस वर्षांच्या रियासतलेखनाचा उपयोग झाला. मराठी राज्याची कोणत्या महिन्यात कोणती स्वारी कोठे होती, हे त्यांना जवळजवळ तोंडपाठ होते.

१९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद या मालेचे ४५ खंड बाहेर पडले. त्यांत आठ हजारांहून अधिक कागद छापले गेले. चार-पाच वर्षांत इतके काम एखाद्या विद्यापीठाच्या हातूनही सहसा होत नाही. या खंडांनी अनेक जुन्या गोष्टींवर नवा प्रकाश टाकिला. पानिपतच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंना पैशाची आणि धान्याची किती ओढ लागली होती, हे बखरींतून नव्हे तर त्या काळच्याच पत्रांतून कळू लागले. चिमाजी अप्पांनी वसईच्या किल्ल्यास वेढा घातला आणि मे १७३९ मध्ये फिरंग्यांनी शरणागती पत्करली. त्या मोहिमेत सुरुंग कसे पेरले आणि माणसे किती पडली, याचा तपशील मिळाला. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५-३६ मध्ये काशीयात्रेस गेल्या, तेव्हा राजपूत राजांनी त्यांचा कसा आदर केला, तेही उघड झाले. लढाया आणि तह यांच्या शेजारी घरातील दुखणी, औषधे, रुसवे, कर्जे, सणवार हेही छापले गेले. आणि इतिहासातील थोर पुरुष हे आपल्यासारखेच चिंता वाहणारे संसारी लोक होते, हे वाचकांस दिसून आले.

या कामात उणिवा राहिल्या. घाईमुळे काही वाचने चुकली, काही पत्रांची वर्षे पुढील संशोधकांस बदलावी लागली. गोविंदरावांचे लक्ष मुख्यतः राजकारणावर होते. रोजकीर्दी, जमाखर्च आणि गावगाड्याचे हिशेब यांचे डोंगर त्यांनी बहुतांशी तसेच ठेविले. शेतकरी काय पिकवी, बाजारात धान्याचा भाव काय होता, कारागिरास मजुरी किती मिळे, हे जाणू इच्छिणाऱ्या आजच्या अभ्यासकास पुन्हा रुमालच सोडावे लागतात. परंतु कोणत्या रुमालात काय आहे हे सांगणारी वाटाड्या-पुस्तिकाही गोविंदरावांनी १९३३ साली इंग्रजीत तयार करून ठेविली, म्हणून तरी त्या डोंगरात शिरणाऱ्यास वाट सापडते. कारभारी मनुष्याचा स्वभाव येथे दिसतो. आपण उचलले तेवढे उचलले, बाकीचे कोठे ठेविले आहे याची याद मागे ठेवावी, असा त्यांचा रिवाज होता.

दफ्तराचे काम संपते न संपते तोच दुसरे पुढे आले. पुण्याच्या दरबारी राहणाऱ्या इंग्रज वकिलांचा, म्हणजे रेसिडेंटांचा, इंग्रजी पत्रव्यवहार सरकारजवळ पडून होता. तो संपादून छापण्याची योजना यदुनाथ सरकार आणि गोविंदराव यांनी मिळून अंगावर घेतली. १९३६ पासून त्याचेही मोठे मोठे खंड निघाले. पहिला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या वकिलातीचा खंड स्वतः गोविंदरावांनी संपादिला. मराठी पत्रांतून नाना फडणीस काय म्हणत आणि इंग्रजी पत्रांतून मॅलेट त्यांच्याविषयी काय लिही, हे आता शेजारी शेजारी ठेवून वाचता येऊ लागले. या कामी माळव्यातील सीतामऊचे राजपुत्र रघुबीरसिंह हेही त्यांना येऊन मिळाले. एक कोकणातील, एक बंगालचे आणि एक माळव्याचे, असे हे तीन विद्वान कामशेतच्या घरी जमत. कागदांवर खल चाले. आणि मग प्रत्येक जण आपापल्या वाटेचे काम घेऊन परते.

सत्तरी उलटल्यावर गोविंदरावांनी आणखी एक संकल्प केला. मराठीत लिहिलेली रियासत महाराष्ट्राबाहेर कोणी वाचीत नसे; आणि बाहेरच्या जगात मराठ्यांविषयी लुटारू म्हणून जो समज रूढ होता, तो तसाच होता. म्हणून नव्याने मिळालेल्या साऱ्या कागदांच्या आधारे मराठ्यांचा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहावयास घेतला. त्याचे तीन भाग १९४६ ते १९४८ या काळात प्रसिद्ध झाले. शेवटचा भाग निघाला तेव्हा देश स्वतंत्र झाला होता आणि ग्रंथकार ८३ वर्षांचे होते. सरकारने त्यांना पूर्वीच रावबहादूर ही पदवी दिली होती. स्वतंत्र भारताने १९५७ साली पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. माझी संसारयात्रा या नावाने त्यांनी आपली आठवणही लिहून ठेविली.

मे १९५८ मध्ये यदुनाथ सरकार कलकत्त्यास वारले. त्यांनाही पुत्रशोक सोसावा लागला होता. दोघा वृद्ध मित्रांच्या पत्रांत कागदांच्या चर्चेबरोबर हेही दुःख येत असे. त्यानंतर दीड वर्षाने, २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, गोविंदरावांनी कामशेत येथे देह ठेविला. त्यांचे वय ९४ वर्षांचे होते. मराठी रियासतीचे भाग पुढे मिळेनासे झाले, तेव्हा स. मा. गर्गे यांच्या संपादनाखाली त्यांची नवी आवृत्ती आठ खंडांत काढण्यात आली. पुण्याच्या त्या दगडी इमारतीत आता अभ्यासकांना रुमाल मागवून वाचता येतात. ४५ खंडांत छापलेले कागद त्या साठ्याचा लहानसा अंश आहेत. उरलेल्या रुमालांतील कितीतरी पत्रे मोडी जाणणाऱ्या वाचकाची अजून वाट पाहत आहेत.